अकरा फूट

मिल्टनला नाव मिळालं ते शनिवारी, 5 ऑक्टोबर 2024 ला. मेक्सिकोच्या आखाताच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात घोंघावणारं एक साधं वादळ. रविवारी दुपारी त्याचं हरिकेन, म्हणजे मोठं चक्रीवादळ, झालं आणि सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला ते सगळ्यात वरच्या, पाचव्या श्रेणीत पोचलं. मधे पुरते चोवीस तासही गेले नाहीत. संध्याकाळी वाऱ्याचा वेग ताशी 180 मैल, म्हणजे जवळपास 290 किलोमीटर झाला होता आणि नकाशावरचा, वादळाची वाट दाखवणारा तो पांढरा शंकू सरळ आमच्या दिशेला रोखलेला होता.

आम्ही फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहतो. नकाशा काढून बघा. पश्चिमेला आखात, पूर्वेला टॅम्पा बे, दक्षिणेला पुन्हा पाणीच. मधे लोंबणारा जमिनीचा तुकडा म्हणजे पिनेलस काउंटी. टॅम्पाकडे जायला तीन पूल, दक्षिणेला स्कायवेचा उंच पूल, आणि जमिनीवरून बाहेर पडायचं तर फक्त उत्तरेकडून. आमचं भाड्याचं घर समुद्रसपाटीपासून 11 फुटांवर, झोन बी मध्ये. इथे झोन म्हणजे समुद्राचं पाणी चढलं तर कोणी आधी उठायचं त्याचा क्रम. ए सगळ्यात आधी, मग बी, सी, असं ई पर्यंत. काही भाग कुठल्याच झोनमध्ये नाहीत. माणसं घर घेताना शाळा बघतात, स्वयंपाकघर बघतात. हे अक्षर बघणारे फार थोडे.

माझं माहेर दिवेआगर, सासर कऱ्हाड. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे. गुडघा बदललेले, पक्षाघातातून उठणारे, पडून खुबा मोडलेले. पिनेलसमध्ये अशा म्हाताऱ्यांची वस्ती मोठी आहे आणि त्यातले कितीतरी जण मोबाइल होममध्ये राहतात, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेली पत्र्याची, हलकी घरं. उन्हाळ्यात तापतात, पावसात वाजतात. सोमवारी मिल्टन पाचव्या श्रेणीत गेलं तेव्हा मी लार्गोमधल्या अशाच एका घरात होते. टीव्ही चालू होता. आजी खुर्चीत बसून पाय उचलत होत्या आणि मी मोजत होते. पडद्यावर आकडा बदलला तशी त्यांनी पाय खाली ठेवला.

मायामीच्या एका वाहिनीवर जॉन मोरालेस नावाचे जुने, अनुभवी हवामानतज्ज्ञ आहेत. दहा तासांत वादळाच्या केंद्रातला दाब 50 मिलिबारने उतरला (दाब जितका उतरतो तितका वाऱ्याचा जोर वाढतो), हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. त्याची चित्रफीत त्या दिवशी सगळीकडे फिरली. मला ती आवडली. आयुष्यभर जे आकडे वाचले त्यांचा अर्थ कळणारा माणूस घाबरला, तर त्याने ते दाखवावं. आपल्यालाही मग कळतं कुठे बघायचं ते.

मी स्वतः राष्ट्रीय हरिकेन केंद्राची पत्रकं वाचते. पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. मधे दोनला आणि आठला छोटी पत्रकं येतात. त्यांना आकडे मिळतात ते थेट वादळात शिरणाऱ्या विमानांकडून. त्यातली दोन आमच्याच जवळच्या लेकलंडच्या विमानतळावरून उडतात, नावं मपेट्स या बाहुल्यांच्या कार्यक्रमातली, केर्मिट आणि मिस पिगी. लेकीला लहानपणी या नावांची फार गंमत वाटायची. आता ती आठवीत आहे आणि आमच्या घरात शंकूचा खरा अर्थ सगळ्यात नीट तिलाच सांगता येतो. शंकू म्हणजे वादळाची रुंदी नव्हे. केंद्रबिंदू कुठून कुठे जाऊ शकतो त्याची ती शक्यता, आणि तीही साधारण तीनात दोन वेळा खरी ठरणारी. शंकूच्या बाहेर आहोत म्हणून सुटलो असं मानणाऱ्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच काय भोगलं ते आम्ही बघत होतो.

कारण मिल्टनच्या आधी हेलीन येऊन गेलं होतं.

26 सप्टेंबरला हेलीन आमच्यापासून शंभर मैलांहून जास्त लांबून, भर समुद्रातून उत्तरेला गेलं. किनाऱ्याला लागलं ते पार वर, पेरी नावाच्या गावाजवळ, चौथ्या श्रेणीचं. आमच्याकडे वारा सुटला, पाऊस पडला, झाडांच्या फांद्या पडल्या, एवढंच. पण रात्री पाणी चढलं. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यापुढे समुद्राचा तळ मैलोन्‌मैल उथळ आहे. वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, ते वर येतं, आणि टॅम्पा बे म्हणजे नरसाळं, आत शिरलेलं पाणी निमुळत्या टोकाकडे आणखी उंच होत जातं. हेलीनच्या रात्री खाडीतल्या आजच्या मोजयंत्रांवर नोंदी सुरू झाल्यापासूनची सगळ्यात उंच पातळी गाठली गेली. पिनेलसमध्ये बारा माणसं गेली, बरीचशी पाण्यामुळे, स्वतःच्या घरात.

त्याआधी शंभर वर्षं इथे एक गोड समजूत नांदत होती, की टॅम्पाला वादळ लागत नाही. टोकोबागा या मूळच्या लोकांनी खाडीकाठी मातीचे मोठे उंचवटे बांधले, त्यात त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत आणि ते गाव राखतात, असं माझ्या कितीतरी पेशंटांनी मला मनापासून सांगितलं आहे. सेफ्टी हार्बरचा उंचवटा मी बघून आले आहे. मी कोकणातली आहे. ग्रामदेवता वादळ वळवते हे ऐकत मोठी झाले, त्यामुळे मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आणि वादळं खरोखरच वळत गेली. 2004 चं चार्ली ऐन वेळी पुंता गोर्डाकडे वळलं. 2017 चं इर्मा येता येता मंदावलं. 2022 चं इयन टॅम्पावर येणार म्हणता म्हणता फोर्ट मायर्सवर गेलं आणि तिथली वस्ती धुऊन नेली. टॅम्पा बेला थेट भिडलेलं शेवटचं मोठं वादळ 25 ऑक्टोबर 1921 चं. तेव्हा दहा-अकरा फूट पाणी चढलं होतं. पण तेव्हा टॅम्पा शहराची वस्ती होती पन्नास हजारांच्या आसपास. आज खाडीभोवतीच्या महानगरात तीस लाखांहून जास्त माणसं आहेत, आणि त्या शंभर वर्षांत भराव टाकून, खाजणं बुजवून, समुद्राच्या जागेत कितीतरी घरं उभी राहिली आहेत.

मिल्टन यायच्या वेळी हेलीनचा कचरा अजून रस्त्यावरच होता. कचरा म्हणायला जीभ रेटत नाही. गाद्या, फ्रिज, भिजून फुगलेल्या भिंतींचे ड्रायवॉल, पियानो, मुलांचे पाळणे, फोटोंचे आल्बम. फुटपाथच्या कडेने छातीएवढे ढीग, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांना आंबलेल्या समुद्राचा वास. आता ताशी शंभर मैलांचा वारा आला तर हे सगळं हवेत उडणार होतं. दिवसरात्र ट्रक फिरत होते, कचरा टाकायच्या जागा चोवीस तास उघड्या ठेवल्या होत्या, तरी दोन आठवड्यांत एवढं आयुष्य उचलून होत नाही.

लार्गोच्या त्या आजींनी हेलीनची रात्र पलंगावर बसून काढली होती. झोन ए. पाणी पलंगाच्या कडेला लागलं आणि तिथे थांबलं. तुम्ही निघाला का नाहीत, असं मी त्यांना तेव्हा विचारलं होतं. त्यांनी हिशोब सांगितला. जॉर्जियापर्यंत पेट्रोल, तिथे मोटेल, कुत्र्याचे वेगळे पैसे, बाहेरचं खाणं. आठवडाभरात महिन्याचं पेन्शन संपतं. मागे एकदा गेल्या होत्या, वादळ वळलं, पैसे गेले. शिवाय रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागतं, म्हणजे जिथे जायचं तिथे वीज हवी. लोक म्हाताऱ्यांना हट्टी म्हणतात. मला त्या आजींच्या हिशोबात हट्ट कुठेच सापडला नाही.

सोमवारीच काउंटीचा हुकूम आला. झोन ए, बी, सी आणि सगळी मोबाइल होम रिकामी करा. टॅम्पा बेला 10 ते 15 फूट पाण्याचा अंदाज होता. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर सरळ सांगितलं, रिकाम्या करायच्या भागात थांबाल तर मराल. काहींना ते फार कठोर वाटलं. माझ्या मते ते बोलणं गरजेचं होतं. आमचं घर 11 फुटांवर आणि पाणी 15 फूट, ही वजाबाकी आठवीतल्या मुलीलाही करायला लागली नाही.

सोमवारी संध्याकाळपर्यंत मी पेशंटांना फोन करत होते. आजींचं नाव मोठ्या प्रयत्नाने विशेष गरज असलेल्यांच्या निवाऱ्यात नोंदवलं गेलं. शाळेची इमारत, जनरेटर, नर्स, न्यायला गाडी. अशी सोय इथल्या काउंट्यांमध्ये असते आणि ज्यांच्यासाठी असते त्यातल्या अनेकांना ती ठाऊकच नसते.

आणि आमच्या घरात घट बसलेला होता.

नवरात्र 3 ऑक्टोबरला सुरू झालं होतं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, त्यामुळे यंदा परडीत माती, सप्तधान्य, वर कलश, माळ, अखंड दिवा, सगळं यथासांग. घट हलवत नाहीत. दिवा विझू द्यायचा नाही. आणि जळता दिवा बंद घरात ठेवून जाता येत नाही. नवरा म्हणाला, देवीला नमस्कार करून शांत करूया दिवा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मंगळवारी पहाटे उठून बघते तर त्यांनी देवीचा टाक रेशमी फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवलेला, घटावर हात ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, “अगं, देवी काय त्या मडक्यात अडकलीय होय? माणसं वाचली तर पुढल्या वर्षी घट बसंल. चल.” दिवा त्यांनीच शांत केला. परडी आम्ही स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

कुठे जायचं याचं इथे एक सूत्र आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. शेकडो मैल जायची गरज नसते. दहा-वीस मैल आत, उंचावर, पक्कं घर. उत्तरेकडे जाणारा आय-75 महामार्ग तुंबलेला होता, कडेची पट्टीसुद्धा वाहतुकीला खुली केली होती. पेट्रोल पंपांच्या नळ्यांवर पिशव्या चढवलेल्या, म्हणजे साठा संपला. आम्ही न्यू टॅम्पात मैत्रिणीकडे गेलो. 2002 नंतर बांधलेलं दुमजली सिमेंट-ब्लॉकचं घर. हे साल महत्त्वाचं. 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेची वस्ती सपाट केली, त्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि 2002 पासून ते राज्यभर लागू झाले. छत भिंतींना धातूच्या पट्ट्यांनी बांधलेलं असतं. आमच्या मैत्रिणीकडेही घट होता. तिच्या घटाशेजारी सासूबाईंनी टाक मांडला आणि तिच्या दिव्यात दोन चमचे तेल घातलं.

बुधवारी, 9 तारखेला, वादळ किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधी माणसं मेली, आणि तीही दुसऱ्याच किनाऱ्यावर. मिल्टनच्या पावसाच्या पुढच्या पट्ट्यांमधून चक्री झोत, म्हणजे टोर्नेडो, उठले. राज्याच्या पूर्वेला सेंट लुसी काउंटीत म्हाताऱ्यांच्या मोबाइल होमच्या वस्तीत सहा जण गेले. बातमी ऐकली आणि मी फोनमधली माझ्या पेशंटांची यादी उघडून नुसती बघत बसले. त्याच दुपारी भारतातून मेसेज यायला लागले. आधी वाटलं आमची चौकशी असेल. रतन टाटा गेले होते. तिकडे मध्यरात्र झाली होती आणि सगळे जागे होते. मैत्रिणीच्या दिवाणखान्यात एका टीव्हीवर वादळ, हातातल्या फोनवर टाटांचे फोटो. सासूबाईंनी देवापुढे आणखी एक फूल ठेवलं.

मिल्टन रात्री साडेआठच्या सुमाराला सिएस्टा की बेटावर लागलं, तिसऱ्या श्रेणीचं. वरच्या थरातल्या वाऱ्यांनी त्याला कमजोर केलं होतं, पण पसरवलंही होतं. सिएस्टा की आमच्या घरापासून दक्षिणेला पस्तीसेक मैल. याच पस्तीस मैलांनी आम्हाला वाचवलं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. केंद्र आमच्या दक्षिणेला राहिलं म्हणून आमच्याकडचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि पाणी खाडीत चढण्याऐवजी खाडीबाहेर ढकललं गेलं. खाडीची पातळी नेहमीपेक्षा पाचेक फूट खाली उतरली. केंद्र तेवढंच उत्तरेला असतं तर तोच वारा उलटा, आणि 15 फुटांचा अंदाज खरा. सिएस्टा कीच्या दक्षिणेला, मनासोटा कीकडे, पाणी घरांतून आरपार गेलं.

आमच्या शहरावर मग पाऊस कोसळला. सेंट पीटर्सबर्गमध्ये 18 इंचांहून जास्त, त्यातला बहुतेक काही तासांत. ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या मैदानाच्या कापडी छताच्या चिंध्या झाल्या. मदतकार्याला येणाऱ्या लोकांसाठी तिथे खाटा मांडल्या होत्या, माणसं आधीच हलवली होती हे नशीब. शहराच्या मध्यात बांधकामाची क्रेन कोसळून समोरच्या इमारतीत घुसली. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. राज्यात तीस लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात होती, आम्हीही. दिवा मात्र चालू होता. रात्री दोनपर्यंत छत वाजत होतं आणि सासूबाई श्रीसूक्त म्हणत होत्या.

घर वाचलं. आवारात झाड पडलेलं, कुंपण शेजाऱ्याच्या दारात, आत कोरडं. परडीतलं धान उजेडाविना पिवळं, लांबच लांब वाढलेलं. दसऱ्याला, 12 तारखेला, तेच केसात खोचून आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. गावात सोनं वाटायला कोणाकडे गेलो तर दारात आधी जनरेटरचा आवाज. लार्गोच्या आजींचं घरही उभं होतं, छताचा एक पत्रा सोडून.

बाबांचा फोन त्या सगळ्या दिवसांत सारखा चालू होता. आगोटीला आम्ही जे करतो तेच करा, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते: पाणी भरा, काडेपेटी कोरडी ठेवा, कागदपत्रं डोक्यावरच्या उंचीला ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं तेव्हा हे उलट होतं. मी इथे बसून पत्रकं वाचत होते, ते तिथे. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, इथल्या मापाने जेमतेम पहिली श्रेणी. पण आमच्या घरावर कौलं होती आणि मागे पोफळीची वाडी. दुपारी दोन-तीन तासांत वाडी आडवी झाली. टाळेबंदी होती, विमानं बंद होती, टॉवर पडल्यामुळे फोन लागत नव्हता. ते जिवंत आहेत हे मला म्हसळ्याहून कोणीतरी दिलेल्या निरोपातून कळलं. पोफळ लावली की सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात. बाबा तेव्हा सत्तरीला टेकलेले. पावसाळा संपताच त्यांनी नवी रोपं लावली. मी फोनवर भांडले होते, विकून टाका, पुण्याला या. ते म्हणाले, “मला फळ धरलेलं दिसेल की नाही ते मी कशाला बघू? वाडी मोकळी ठेवायची नसते.”

तेव्हा मला राग आला होता. आता मी त्या वाक्यापेक्षा आमच्या गावाच्या रचनेचा जास्त विचार करते. दिवेआगरचा किनारा लांबलचक आहे, पण जुनं गाव किनाऱ्यावर नाही. वाळू, मग सुरूचं बन आणि केतकी, मग वाड्या, आणि त्या वाड्यांच्या आत घरं. समुद्राचा आवाज रात्रभर ऐकू येतो, ओटीवरून समुद्र दिसत मात्र नाही. लहानपणी मुंबईचे पाहुणे विचारायचे, समुद्र दिसत नाही का इथून? अलीकडे वाळूला खेटून खोल्या बांधून देणारे वाढले आहेत, कारण पैसे दिसण्याचे मिळतात. निसर्गने घरांची कौलं नेली, पण आमच्या आळीत समुद्र आला नाही.

नवरा कऱ्हाडचा, कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहायला शिकलेला. त्याला समुद्राचं वेड. ऑगस्टमध्ये आम्ही शोअर एकर्स भागात एक घर बघितलं होतं. मागच्या दारात कालवा, कालव्यातून खाडी, संध्याकाळी पाण्यात डॉल्फिन. तो भाग इतका सखल आहे की नुसत्या मोठ्या भरतीलाही रस्त्यावर पाणी येतं. हेलीनमध्ये ती जवळजवळ अख्खी वस्ती बुडाली, ते घरही. नोव्हेंबरमध्ये त्याच घराची किंमत उतरली आणि नवऱ्याने पुन्हा विषय काढला. त्याचं म्हणणं अगदीच भावनेचं नव्हतं. शंभर वर्षांत एकदा होतं ते होऊन गेलं, जमीन तीच राहील, घर उचलून बांधता येईल.

मी कागद काढून बसले. घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, सरकारी योजनेत घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर. तो काढल्यापासून लागू व्हायला साधारण 30 दिवस, म्हणजे वादळ नकाशावर दिसल्यावर उपयोग नाही. हरिकेनच्या नुकसानीत आपला वाटा टक्क्यांत असतो. चार लाखांच्या घराला 2 टक्के म्हटले तरी पहिले आठ हजार आपले. आणि सगळ्यात मोठा नियम पन्नास टक्क्यांचा: पूरक्षेत्रातल्या जुन्या घराची दुरुस्ती जमीन सोडून उरलेल्या घराच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त झाली, तर नुसती दुरुस्ती चालत नाही, अख्खं घर आजच्या नियमाच्या उंचीवर न्यावं लागतं. हेलीननंतर कितीतरी माणसं या नियमात अडकून घर तसंच विकून गेली. एक चांगलं झालं, 1 ऑक्टोबर 2024 पासून फ्लोरिडात घर विकणाऱ्याने पुराच्या विम्याचा दावा केला होता का, हे लिहून द्यावं लागतं. इतकी वर्षं ते सांगण्याची सक्ती नव्हती, हे मला अजून पटत नाही.

मग एकदमच इथून उठावं, हा विचारही झाला. नवऱ्याला बदली मिळू शकते. पण कुठे? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने इयननंतर फ्लोरिडा सोडून नॉर्थ कॅरोलिनात ॲशव्हिलचं घर घेतलं. समुद्रापासून शेकडो मैल, दोन हजार फूट उंच, हवा थंड. हवामानाचं आश्रयस्थान अशी त्या गावाची ख्याती झाली होती. हेलीनने जमिनीवर चढून तिथल्या डोंगरांवर पाऊस ओतला, फ्रेंच ब्रॉड आणि स्वॅनानोआ नद्या गावात शिरल्या, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या डोंगरांत गेली. ओळखीचं कुटुंब सुखरूप आहे. घराखालचा रस्ता नाही.

सासूबाईंचं माहेर पाटणजवळ. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आम्ही दोघं आकड्यांवरून वाद घालत असताना त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, आमच्या घराची भिंत पडली, आजी त्यात गेली. वडलांनी गाव सोडलं नाही, पण पुन्हा दगडमातीची भिंत उभारली नाही. हलकं छप्पर केलं. बाकी त्या काही बोलल्या नाहीत, भाजी निवडत राहिल्या. माझं उत्तर मला तिथे मिळालं.

पिनेलसच्या मध्यातून उंच जमिनीचा एक पट्टा जातो. पर्यटकांना तो दिसत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही. जुनी बैठी घरं, ओकची झाडं, शाळा, टायरची दुकानं. तिथे काही भाग कुठल्याच झोनमध्ये नाहीत. आम्ही तिथे एका घराला बयाणा दिला आहे. 42 फूट उंची, सिमेंट-ब्लॉकच्या भिंती, छताच्या पट्ट्या तपासून घेतल्या. पुराचा विमा सक्तीचा नाही, तरी घेणार आहोत, कारण 18 इंच पाऊस झोन विचारत नाही. ओकची फांदी पडेल, वीज जाईल, छताची भीती राहील. समुद्राचं पाणी मात्र येणार नाही. नवरा पहिले दोन दिवस गप्प होता. मग त्याने घरापासून खाडीपर्यंत सायकलचा रस्ता शोधून काढला, वीस मिनिटांचा.

मला टोचतं ते वेगळंच. ही उंची आम्हाला परवडली. हेलीननंतर या पट्ट्यातल्या घरांकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं आहे. उंच जागा पैसेवाल्यांकडे जात राहिल्या, तर खाली कोण राहणार? लार्गोच्या आजींची मोबाइल होमची वस्ती ज्या जागेवर आहे ती विकायचा मालकाचा विचार आहे, असं त्यांनी परवा सांगितलं. घर त्यांचं, जमीन भाड्याची. जुनं घर जागेवरून हलवताना टिकत नाही. त्यांना फ्लोरिडा सोडायचा नाही, नवऱ्याची राख त्यांनी इथल्याच पाण्यात सोडली आहे. त्यांना मी उंचीचे आकडे कोणत्या तोंडाने सांगू?

30 नोव्हेंबरला यंदाचा हंगाम संपतो, पुढचा 1 जूनला सुरू. मी ऑफिसात एक गोष्ट मागितली आहे आणि ती मान्य झाली आहे: जानेवारीपासून प्रत्येक नव्या पेशंटच्या पहिल्या भेटीच्या कागदावर औषधांच्या खाली झोनचं अक्षर लिहायचं. झोन ए किंवा मोबाइल होम असेल आणि ऑक्सिजन, व्हीलचेअर, डायलिसिस यातलं काही असेल, तर विशेष निवाऱ्याचा फॉर्म त्याच भेटीत, तिथे बसून भरायचा. कुत्रा असेल तर तेही लिहायचं, नाहीतर माणूस निघत नाही. सासूबाई जानेवारीत परत जातील. तोवर मी शनिवारी जुन्या पेशंटांचे फॉर्म घेऊन बसते आणि लेक नकाशावर पत्ते टाकून उंची काढून देते. परवापर्यंतच्या यादीत सगळ्यात खालचं घर 4 फुटांवर होतं. त्या बाईंना मी सोमवारी भेटणार आहे.